निवाड्यातील दया : सौम्य शिक्षेच्या कारणांचे एक परीक्षण

१

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस दोन कारणांनी परिचित आहे. पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत तेथे दोन मोठ्या लढाया झाल्या, आणि खुदावंतखान महदवी याने १५८२ मध्ये बांधविलेली मशीद तेथे अद्याप उभी आहे. कोण जिंकला आणि कोण पडला, याची नोंद तवारिखांनी घेतली आहे. फौजा ज्या गावावरून गेल्या त्या गावातील बायकांवर काय गुदरले, याची नोंद कोणी घेतलेली नाही. दप्तर ज्याचे, नोंद त्याची, हा इतिहासलेखनातील जुना अनुभव आहे. परंतु तो केवळ इतिहासापुरताच खरा आहे काय, असा प्रश्न याच गावी निराळ्या निमित्ताने प्रस्तुत लेखकापुढे उभा राहिला.

२०२१ च्या जानेवारीतील गोष्ट. पारावर वर्तमानपत्राचे वाचन चालले होते. बातमी नागपूरची होती. बारा वर्षांच्या एका मुलीवरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात खालच्या न्यायालयाने आरोपीस दिलेली तीन वर्षांची शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एक वर्षावर आणली होती. ऐकणाऱ्यांपैकी एकाने 'म्हणजे सुटलाच' असा शेरा मारला. दुसऱ्याने 'अशाचा चौरंगाच करायला पाहिजे' असा निकाल जागच्या जागी दिला. ओट्याशी उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईने मात्र वेगळेच विचारले : 'अन् त्या पोरीले काय भेटलं?' त्यावर कोणी काही बोलले नाही. वाचणाऱ्याने पान उलटले.

लैंगिक अत्याचाराच्या अपराधास मिळणाऱ्या सौम्य शिक्षेविषयी समाजात जो संताप आहे, तो बहुधा पहिल्या दोन उद्गारांच्या रूपाने व्यक्त होतो. तो संताप साधार आहे. परंतु तो वर्षांच्या आकड्यावर येऊन थांबतो, आणि आकडा ज्या वाक्यांतून जन्मास येतो त्या वाक्यांकडे त्याचे लक्ष जात नाही. निवाडा हे केवळ आज्ञापत्र नव्हे. त्यात घडलेल्या गोष्टीचे कथन असते, पात्रे असतात, त्यांच्या हेतूंविषयी अनुमाने असतात, आणि शेवटी 'म्हणून' या शब्दाने जोडलेली कारणे असतात. कथन, पात्र आणि कार्यकारणसंबंध यांचे परीक्षण करणे हा साहित्याच्या अभ्यासकाचा व्यवसायच आहे. कायद्याच्या अंगाने या निवाड्यांची चिकित्सा विधिज्ञांनी केली आहे. येथे त्यांतील काहींचे वाचन, त्या वृद्धेच्या प्रश्नाच्या अनुरोधाने, गद्यकृती म्हणून करावयाचे आहे.

एक खुलासा आरंभीच केला पाहिजे. अत्याचारपीडित स्त्रीचे नाव प्रसिद्ध करण्यास १९८३ पासून कायद्याने मनाई आहे. पुढे येणारे एक प्रकरण देशभर त्या मुलीच्या नावाने ओळखले जाते. येथे मात्र त्याचा निर्देश गावाच्या नावाने केला आहे.

२

ते गाव म्हणजे देसाईगंज. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९७२ साली ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. त्या वर्षीच्या २६ मार्चच्या रात्री चौदा ते सोळा वर्षे वयाच्या एका आदिवासी मजूर मुलीस, तिच्या भावानेच केलेल्या तक्रारीच्या निमित्ताने, पोलिस ठाण्यावर आणण्यात आले. जबाब झाल्यावर इतरांस बाहेर जाण्यास सांगून तिला आत थांबवून घेण्यात आले, आणि ठाण्याच्या आवारातच एका शिपायाने तिच्यावर अत्याचार केला, तर एका हेड कॉन्स्टेबलने तिच्याशी असभ्य वर्तन केले, असा खटला उभा राहिला.

या एका रात्रीची तीन न्यायालयांनी तीन कथने केली. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी दोघांसही निर्दोष ठरविले. त्या कथनात मुलगी खोटे बोलणारी आहे आणि तिला शरीरसंबंधाची सवय आहे. सबब संबंध झाला असला तरी तो बलात्कार नव्हे. ऑक्टोबर १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. शिपायास पाच वर्षे आणि हेड कॉन्स्टेबलास एक वर्ष अशी शिक्षा दिली. भयाने किंवा असहायतेने शरीर स्वाधीन करणे म्हणजे संमती नव्हे, हे या दुसऱ्या कथनाचे मर्म होते. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांसही पुन्हा निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही, तेव्हा घडले ते शांतपणे घडले असले पाहिजे, असे या तिसऱ्या कथनाचे स्वरूप आहे.

तिन्ही निवाड्यांपुढील पुरावा तोच होता. भेद पडला तो कथनाच्या स्थळाविषयी. नागपूरच्या निवाड्यात ही घटना पोलिस ठाण्यात घडते. रात्र आहे, दार बंद आहे, समोर गणवेश आहे, आणि या सर्वांचा परिणाम मुलीच्या मनावर होतो. दिल्लीच्या निवाड्यात ठाण्याचा उल्लेख आहे, परंतु ठाणे कथेत काही करीत नाही. ते कोठलेही घर, कोठलेही शेत असते तरी वाक्यांत फरक पडला नसता. कथेतून स्थळाचा प्रभाव काढून टाकला म्हणजे पात्राचे मौन हे आपोआप स्वेच्छेचे लक्षण ठरते. कथावाङ्मयाच्या कोणत्याही विद्यार्थ्यास हा दोष ओळखता यावा.

येथे एका शब्दाचाही विचार करावयास हवा. 'बलात्कार' या शब्दाचा मूळ अर्थ बळाने केलेली गोष्ट, जबरदस्ती, एवढाच. जुन्या भाषेत तो व्यापक अर्थाने येतो, आणि शरीरसंबंधापुरता त्याचा संकोच पुढे झाला. या व्युत्पत्तीने मनात एक चित्र नकळत ठसते : बळ म्हणजे स्नायूंचे बळ, आणि त्याची खूण म्हणजे ओरखडे. न्यायालयाने बळ मुलीच्या अंगावर शोधले. ते शिपायाच्या अंगावर, गणवेशाच्या रूपाने, उघड दिसत होते.

या निवाड्याविरुद्ध उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार विधिअध्यापकांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहिले. आज ते वाचताना लक्षात येते की हेही मूलतः एक वाचन होते. नवा पुरावा त्यांच्यापाशी नव्हता. निवाड्यातील वाक्यांत काय गृहीत धरले आहे आणि काय गाळले आहे, एवढेच त्यांनी दाखविले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीची परिणती १९८३ च्या कायदादुरुस्तीत झाली. पोलिस ठाण्यासारख्या ठिकाणी, अधिकाराच्या छायेत झालेल्या अत्याचारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि 'माझी संमती नव्हती' असे स्त्रीने सांगितले, तर तसे धरूनच न्यायालयाने चालावे, असा नियम तीत आला. स्थळाला कायद्याच्या कथनात पुन्हा जागा मिळाली.

३

याच दुरुस्तीने शिक्षेची किमान मर्यादाही घातली : सामान्यतः सात वर्षे, आणि पोलिस कोठडीतील व तत्सम गंभीर प्रकारांत दहा वर्षे. मात्र एक वाट मोकळी ठेवली. 'पुरेशी आणि विशेष कारणे' निवाड्यात नमूद करून न्यायाधीशास याहून कमी शिक्षा देता येत असे. ही तरतूद २०१३ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे, अस्तित्वात होती. सौम्य शिक्षेच्या गद्याचा खरा संग्रह याच तीस वर्षांत साठला; कारण कायद्याने दयेस मनाई केली नव्हती, तिचे कारण लिहून देण्यास फर्मावले होते.

ही कारणे कोणती? तीन उदाहरणे पाहू.

कर्नाटकातील एका खटल्यात सात-आठ वर्षांच्या मुलीवर अत्याचार करणाऱ्या इसमाची दहा वर्षांची शिक्षा उच्च न्यायालयाने चार वर्षांवर आणली. आरोपी अडाणी आहे, दुर्बल घटकातील आहे, दारूच्या आहारी गेलेला आहे, आणि घरी वृद्ध आई, पत्नी व मुले त्याच्यावर अवलंबून आहेत, ही कारणे होती. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ही कारणे फेटाळून दहा वर्षांची शिक्षा पूर्ववत केली. हरियाणातील दुसऱ्या खटल्यात दोन पोलिसांस झालेली दहा वर्षांची शिक्षा १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच पाच वर्षांवर आणली. त्यासाठी पीडित स्त्रीच्या 'वर्तना'चा आधार घेतला. त्यावर गदारोळ झाला तेव्हा न्यायालयाने खुलासा केला की हा शब्द तिच्या चारित्र्यास उद्देशून नसून, तिने काही दिवस घटनेची वाच्यता केली नाही एवढ्यापुरताच आहे. खुलाशाने शब्दाचा अर्थ बदलला, शिक्षेचा आकडा बदलला नाही.

तिसरे उदाहरण पंजाबातील आणि सर्वांत बोलके आहे. १९९७ मधील सामूहिक अत्याचाराच्या या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची दहा वर्षांची शिक्षा तोवर भोगलेल्या सुमारे साडेतीन वर्षांवर आणली. घटनेस चौदा वर्षे झाली, उभय पक्षांत तडजोड झाली आहे, आरोपींची लग्ने झाली आहेत, आणि तिचेही लग्न होऊन तिला दोन मुले आहेत, ही विशेष कारणे ठरली. आरोपींनी प्रत्येकी पन्नास हजार रुपये तिला द्यावेत असाही आदेश झाला.

या कारणांची मांडणी लक्षपूर्वक पाहावी. आरोपीस वय आहे, आई आहे, पत्नी आहे, मुले आहेत, व्यसन आहे, दारिद्र्य आहे. म्हणजे त्याला भूतकाळ आहे आणि भविष्यकाळही आहे. ललित वाङ्मयात ज्याला आपण पूर्ण पात्र म्हणतो तसा तो आहे. पीडित मुलीस बहुतेक ठिकाणी फक्त वय आणि शरीर असते. तिची आई कोण, घटनेनंतर तिची शाळा सुटली की राहिली, तिला गाव सोडावे लागले काय, याविषयीची वाक्ये शिक्षेच्या परिच्छेदात क्वचितच भेटतात. तिला भविष्यकाळ दिलाच, तर तो पंजाबातील निवाड्याप्रमाणे आरोपीच्या कामी येतो : तिला मुले झाली, म्हणजे तिचे बरे चालले आहे, म्हणून याची शिक्षा कमी. खटला चौदा वर्षे लांबला हा दोष न्यायव्यवस्थेचा; त्याचा लाभ आरोपीस, आणि त्याची झीज जिने सोसली तिच्या बाजूस शून्य. आणि 'तडजोड' हा शब्द! दोन समान पक्ष समोरासमोर बसून देवघेव करतात असे चित्र तो उभे करतो. गावगाड्यातील तडजोड कशी होते, तीत कोणावर कोणाचे दडपण असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या शब्दाचे गुळगुळीतपण खटकल्यावाचून राहणार नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच असा निर्णय दिला की बलात्काराच्या खटल्यात तडजोड हे शिक्षा कमी करण्याचे कारण होऊ शकत नाही.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की दया हा न्यायाचा अलंकार आहे. अपराधीही माणूसच, आणि त्याच्या परिस्थितीचा विचार न करता ठरावीक मापाने शिक्षा वाटणे म्हणजे न्याय नव्हे. हा आक्षेप वजनदार आहे व तो प्रस्तुत लेखकास मान्य आहे. तुरुंगात खितपत पडणारे बहुसंख्य लोक दरिद्री आणि निरक्षर असतात, याचा विसर पडू देता कामा नये. परंतु येथे हरकत दयेला नाही. दया म्हणजे दोन्ही पारड्यांकडे पाहून एका पारड्यातले काही उचलणे. ज्या तराजूचे दुसरे पारडे गद्यातून गाळलेच गेले आहे, तेथे जे घडते त्यास दया म्हणता येणार नाही. तो एकपदरी कथनाचा परिणाम आहे. आणि तेथेही ही करुणा सरसकट नसते. देसाईगंजच्या मजूर मुलीचे दारिद्र्य, तिचे पोरकेपण, तिचे अल्प वय यांपैकी काहीही तिच्या मौनाचा अर्थ लावताना उपयोगी पडले नाही. दारिद्र्य आरोपीच्या बाबतीत कारण होते आणि तिच्या बाबतीत पार्श्वभूमीसुद्धा होत नाही.

४

मग ही वाट बंद करावी, हा उपाय सरळ दिसतो. आणि तो झालाही. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल आला आणि २०१३ च्या दुरुस्तीने 'पुरेशी आणि विशेष कारणे' ही तरतूद काढून टाकली. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरता येणार नाही, हेही त्याच दुरुस्तीने स्पष्ट केले. २०१८ मध्ये किमान शिक्षा सातावरून दहा वर्षांवर गेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली; तीतही या किमान मर्यादा कायम आहेत. तत्पूर्वी बालकांसाठी २०१२ चा स्वतंत्र कायदा झालेला होता, व त्यातही किमान शिक्षा ठरवून दिली आहे.

आकड्यांचा प्रश्न सुटला. तरीही रोहिणखेडच्या पारावर ती बातमी वाचली गेली. हे कसे झाले, हे पाहणे उद्बोधक आहे.

बालकांच्या कायद्याखाली लैंगिक हल्ल्यास किमान तीन वर्षांची शिक्षा आहे. दंडसंहितेच्या कलम ३५४ खाली, ज्यास मराठीत 'विनयभंग' म्हणतात, ती किमान एक वर्षाची होती. नागपूर खंडपीठाने १९ जानेवारी २०२१ च्या निवाड्यात शिक्षा कमी करण्यासाठी कोणतेही विशेष कारण दिले नाही. तशी मुभाच नव्हती. त्याने अपराधाचे नाव बदलले. कपड्यावरून केलेला स्पर्श हा त्वचेस त्वचेचा स्पर्श नव्हे, म्हणून तो या कायद्याखालील लैंगिक हल्ला नव्हे. तो विनयभंग होय. तीन वर्षांच्या जागी एक वर्ष हा याचा परिणाम. या अनुमानास दिलेला आधार विशेष लक्षणीय आहे : शिक्षा कठोर आहे, म्हणून पुरावा आणि आरोपही तितकेच काटेकोर हवेत.

एरवी हे तत्त्व निर्दोष आहे. पण येथे त्याने काय काम केले? वाढविलेली शिक्षाच अपराधाची व्याख्या आखडण्याचे कारण झाली. पूर्वी सौम्यता निवाड्याच्या शेवटच्या परिच्छेदात, कारणांच्या यादीत, उघडपणे बसत असे. तेथून तिला हुसकावल्यावर ती व्याख्येच्या परिच्छेदात जाऊन बसली. पूर्वी ती दयेच्या वेषात होती. आता ती तर्काच्या वेषात आली.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारीस या निवाड्यास स्थगिती दिली आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो रद्द केला. स्पर्श त्वचेस झाला की कापडास, हा प्रश्न गौण आहे. त्यामागील लैंगिक हेतू महत्त्वाचा, असे ठरले आणि तीन वर्षांची शिक्षा पूर्ववत झाली. म्हणजे चूक दुरुस्त झाली. मात्र कायदे कठोर करून सौम्यतेचा बंदोबस्त होतो, या समजुतीचा फोलपणा या दहा महिन्यांनी दाखवून दिला.

'विनयभंग' या शब्दाकडे येथे वळणे आवश्यक आहे. कारण त्या निवाड्यात मुलीवरील अन्यायाचे अखेर हेच नाव उरले होते. या समासात मोडते काय? विनय. कोणाचा? तिचा. अपराध त्याने केला, आणि मोडतोड झाली ती तिच्या गुणाची. 'अब्रू लुटली', 'शील भ्रष्ट झाले' या वाक्प्रचारांची घडणही अशीच आहे. वर्तमानपत्रांचा आवडता 'अतिप्रसंग' हा त्याहून चमत्कारिक. न्यायशास्त्रात अतिप्रसंग म्हणजे नियम नको तेथे लागू होण्याचा दोष. तो तर्कातला शब्द अत्याचारास लावला की घडलेली गोष्ट केवळ मर्यादेपेक्षा थोडी पुढे गेली, असे वाटू लागते. ज्या भाषेत अपराधाची नावेच अशी आहेत, तिच्यात वाढलेला न्यायाधीश, वकील, पोलिस, पत्रकार आणि अध्यापक यांची विचारपद्धती त्या नावांपासून सर्वस्वी मुक्त असेल, असे समजणे भाबडेपणाचे होईल.

५

आता पारावरच्या दुसऱ्या उद्गाराकडे वळू. 'चौरंगा करायला पाहिजे' हे बोलणाऱ्याच्या मनात रांझ्याच्या पाटलाची गोष्ट होती. महाराष्ट्रात अत्याचाराची प्रत्येक बातमी ऐकल्यावर तिचे स्मरण होतेच. सौम्य शिक्षेच्या उलट टोकाचे ते आपले आदर्श उदाहरण आहे. त्याचे मूळ साधन म्हणजे २८ जानेवारी १६४६ चे शिवाजी महाराजांचे पत्र. रांझे गावच्या बाबाजी गुजर पाटलाने मोकदमी करताना 'बदअमल' केला, म्हणून त्याचे हातपाय तोडण्यात आले आणि पाटीलकी अमानत केली, अशी हकीकत त्यात येते. पुढे त्याच गुजर घराण्यातील एकाने त्याचा सांभाळ पत्करला आणि सेरणी भरून पाटीलकी आपल्याकडे घेतली.

हे पत्र वतनाचे आहे. पाटीलकी कोणाकडे जावी, याचा तो दस्तऐवज आहे. म्हणून त्यात जे यावयास हवे ते आले आहे. परंतु साधनचिकित्सेच्या शिस्तीने वाचता एक गोष्ट नजरेत भरते. ज्या स्त्रीसाठी हा न्याय झाला असे आपण सांगतो, तिचा या पत्रात निर्देश नाही. 'बदअमल' या मोघम शब्दामागे ती असलीच तर अदृश्य आहे. ती रिकामी जागा लोकस्मृतीने भरली, आणि त्यात लोकांची न्यायबुद्धी दिसते. तथापि लोकस्मृतीच्या गोष्टीतही तपशील आहेत ते तोडलेल्या हातापायांचे. त्या स्त्रीचे पुढे काय झाले हे कोणी सांगत नाही. अतिसौम्य निवाडा आणि अतिकठोर शिक्षेची कथा ही दोन्ही टोके या एका बाबतीत समान ठरतात. दोहोंचा नायक अपराधीच आहे. एकात त्याला सांभाळावयाचे आहे, दुसरीत छाटावयाचे आहे.

आधुनिक रंगभूमीने हा प्रश्न हाताळला तो जयवंत दळवी यांच्या 'पुरुष' या नाटकात. १९८२ साली ते आले तेव्हा देसाईगंजच्या निकालावरील वाद ताजा होता. ध्येयवादी शिक्षकाची मुलगी अंबिका हिच्यावर गुलाबराव हा राजकारणी पुरुष अत्याचार करतो. न्यायालयात तिला न्याय मिळत नाही. अखेरीस ती स्वतःच त्याचे पुरुषत्व हिरावून घेते. रांझ्याच्या कथेशी या शेवटाचे साम्य उघड आहे, पण एक भेद मूलगामी आहे. येथे शिक्षेच्या क्रियापदाची कर्ती ती स्वतः आहे. दळवींनी पीडितेस कथेच्या मध्यभागी आणले, हे त्यांचे मोठे श्रेय. परंतु कर्ती होण्यासाठी तिला स्वतःलाच अपराधी व्हावे लागते. प्रेक्षागृहात या शेवटास टाळ्या पडत असत. त्या टाळ्यांतून संतापाचे विरेचन होते, आणि ज्या न्यायालयाने तिला हे करावयास लावले त्याविषयीचा प्रश्न पडद्याबरोबरच खाली येतो. नाटकाचा दोष म्हणावयाचा तर तो हा. पण त्याची अधिक जबाबदारी प्रेक्षकांवर आहे.

कठोरता आणि सौम्यता ही मोजमापे अपुरी आहेत, याचे एक अलीकडचे उदाहरण मुंबईतील शक्ती मिल प्रकरणात सापडते. ऑगस्ट २०१३ मधील सामूहिक अत्याचाराच्या या खटल्यात सत्र न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये तिघांस फाशीची शिक्षा दिली. २५ नोव्हेंबर २०२१ रोजी, नागपूरचा निवाडा रद्द झाल्यानंतर अवघ्या आठवड्याने, मुंबई उच्च न्यायालयाने ती आजन्म कारावासात बदलली. आकड्याच्या हिशेबाने हीसुद्धा शिक्षेत कपातच होय, आणि अनेकांनी तिला तसेच नाव दिले. पण कारणांचे गद्य वाचले म्हणजे भेद स्पष्ट होतो. पीडितेने सोसलेल्या यातनांची आणि अपराधाच्या भीषणतेची नोंद या निवाड्यात आहे. लोकक्षोभावरून फाशी ठरविता येत नाही, हे त्यात सांगितले आहे. आणि आरोपींनी उर्वरित आयुष्य, पॅरोल व फर्लोवाचून, तुरुंगात काढावे असा आदेश आहे. येथे दुसरे पारडे गाळलेले नाही. म्हणून या निवाड्याशी मतभेद होऊ शकेल, पण त्याच्यावर आंधळेपणाचा आरोप करता येणार नाही. निवाड्याची परीक्षा त्याच्या आकड्यावरून न करता कारणांवरून करावी, असे जे वर म्हटले ते याच अर्थाने.

६

'अन् त्या पोरीले काय भेटलं?' या प्रश्नास कायद्याने अलीकडे काही उत्तर द्यावयास आरंभ केला आहे. पीडितांना राज्याने भरपाई द्यावी अशी तरतूद २००९ पासून फौजदारी प्रक्रियेत आली. महाराष्ट्रात २०१३ मध्ये 'मनोधैर्य' योजना सुरू झाली. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आरोपीने पीडितेकडून राखी बांधून घ्यावी ही मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने घातलेली जामिनाची अट रद्द केली आणि स्त्रीविषयीचे ठोकळेबाज समज निवाड्यांत येऊ नयेत असे सर्व न्यायालयांस बजावले. ऑगस्ट २०२३ मध्ये तर त्याच न्यायालयाने अशा शब्दांची व समजुतींची एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली. न्यायसंस्थेने स्वतःच्या गद्याचे परीक्षण आरंभिले, ही घटना भाषेच्या अभ्यासकांनी दुर्लक्षावी अशी नाही.

परंतु हे परीक्षण इंग्रजीत आहे. संविधानाप्रमाणे उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे अधिकृत निवाडे इंग्रजीत होतात. बुलढाणा जिल्हा ज्या खंडपीठाखाली येतो त्या नागपूर खंडपीठाचेही. रोहिणखेडपर्यंत त्यातून पोहोचतो तो केवळ आकडा. तीनाचे एक झाले, एवढेच तेथे कळते. कोणत्या वाक्यांनी झाले हे कळत नाही, आणि दहा महिन्यांनी एकाचे पुन्हा तीन झाले हे तर बहुधा पोहोचतही नाही. कारणे ठाऊक नसलेला संताप मग चौरंग्याची भाषा बोलतो, आणि त्या भाषेने भिऊन वा सुखावून विधिमंडळे आकडे वाढवितात. हे चक्र असेच फिरत राहते.

सर्वोच्च न्यायालयाचे काही निवाडे आता मराठीत भाषांतरित होऊ लागले आहेत. मराठीच्या विभागांस या कामी करण्यासारखे पुष्कळ आहे. या भाषांतरांची परीक्षा करावी. 'विनयभंग' आणि 'अतिप्रसंग' यांच्या जागी अपराध अपराध्याकडे दाखविणारे शब्द सुचवावेत. आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी वर्षाकाठी एखाद्या निवाड्यातील शिक्षेच्या परिच्छेदाचे, ज्या काळजीने ते कथेचे करतात त्या काळजीने, वाचन करावे. तेथे कर्ता कोण आहे, भूतकाळ कोणाला दिला आहे, भविष्यकाळ कोणाचा धरला आहे, आणि 'म्हणून' या शब्दापूर्वी तिच्याविषयी किती वाक्ये आली आहेत, हे मोजावे. देसाईगंजच्या निकालानंतर चार अध्यापकांनी केले ते याहून फार वेगळे नव्हते. ते पत्र लिहिले गेले तेव्हा निकालास एक वर्ष आणि एक दिवस होऊन गेला होता. देसाईगंजच्या मुलीस त्याचा काही उपयोग झाला नाही. तिच्यानंतर आलेल्यांस मात्र झाला.